वरणातलं सत्त्व

त्या डब्याचं प्रकरण मी विसरलेलो नाही, आणि विसरावं असं मला वाटतही नाही. नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं हाताखालून गेलं. त्यातल्या बऱ्याच आरोपींचे चेहरेसुद्धा आता डोळ्यांसमोर येत नाहीत. पण स्टीलचा चार कप्प्यांचा तो साधा डबा आठवला की अजून अंगावर काटा येतो, आणि पाठोपाठ हुश्श होतं. नावं मी कुणाचीच लिहिणार नाही. ती माणसं आपापल्या घरी सुखात आहेत, त्यांना तसंच राहू द्यावं.

मी मूळचा धर्माबादचा. आमच्याकडचा मिरचीचा बाजार प्रसिद्ध आहे, आणि माझ्या हाताखाली काम केलेले शिपाई सांगतील की साहेबांचा स्वभावही त्याच बाजारातून आणलेला होता. मुदखेड, नांदेड अशी ठाणी करत मी लातूर शहरात निरीक्षक म्हणून आलो तेव्हा भूकंपाला पाच-सहा वर्षं झाली होती. पत्र्याच्या शेडमधली माणसं नव्या गावठाणांत राहायला गेली होती. शहरात मात्र वेगळीच धांदल सुरू होती. ज्याला त्याला पोरगा नाहीतर पोरगी लातूरला शिकायला टाकायची होती. गल्लोगल्ली शिकवण्या, घरोघर भाड्याच्या खोल्या, आणि पहाटेपासून सायकलींच्या घंट्या. ठाण्यातल्या तक्रारींमध्येही सायकल चोरीच्याच जास्त.

त्यातली एक पद्धत मला फार आवडायची. आसपासच्या गावांतल्या आया सकाळी स्वयंपाक करून डबा एसटीने लातूरला पाठवायच्या. डब्याला कापडी पिशवी, पिशवीवर पेनाने नाव आणि खोलीचा पत्ता. कंडक्टर तो आपल्या पायाशी ठेवायचा, बसस्थानकावर ठरलेला माणूस उतरवून घ्यायचा आणि सायकलीवर लटकवून खोलीखोलीवर पोचवायचा. मुरुडकडच्या गाड्यांचे साठ-पासष्ट डबे एक म्हातारा मुसलमान माणूस पोचवत असे. सगळी पोरं त्याला चाचा म्हणायची, म्हणून मीही इथे चाचाच म्हणतो.

फेब्रुवारीतली सकाळ होती. हजेरी घेऊन मी खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदाराने रुग्णालयातून आलेला एमएलसीचा, म्हणजे संशयास्पद रुग्णाची पोलिसांना वर्दी देणारा, कागद पुढे ठेवला. सतरा वर्षांची मुलगी, बारावीची विद्यार्थिनी, विषबाधेचा संशय. परीक्षेच्या तोंडावर असे कागद येतात, आणि पोलिसाच्या मनात पहिला विचार येतो तो वेगळाच. मनातल्या मनात देवाचं नाव घेऊन मी जीप काढायला सांगितली.

मुलगी शुद्धीवर होती. दोन महिन्यांपासून डोकं फुटेल इतकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. तळहातांची साल निघत होती, ओठ फाटले होते, कंगव्यात केसांचे पुंजके यायचे. आठवड्यापासून एकाचं दोन दिसत होतं. "फळ्यावर एकावर एक दोन ओळी दिसत्यात," ती म्हणाली. स्वतःहून काही घेतलं का, असं मी तिला आडून विचारलं. ती चिडली. "मला डॉक्टर व्हायचंय साहेब, मरायचं न्हाई." ते ऐकून मला बरं वाटलं.

तिच्या डॉक्टर मॅडम चाळिशीच्या, स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मला व्हरांड्यात नेलं. मेंदूत गाठ नव्हती, जंतुसंसर्ग नव्हता, पण कवटीतला दाब वाढला होता आणि त्याने दोन्ही डोळ्यांमागच्या नसांना सूज आली होती.

"केस गळणं, साल निघणं, उलट्या. हे हळूहळू दिलेल्या विषासारखं दिसतंय," त्या म्हणाल्या. "कोणतं ते मला कळत नाही. दाब कमी करायची औषधं देतेय, पण मूळ कारण शरीरात जातच राहिलं तर सूज उतरणार नाही. आठ-दहा दिवस हातात आहेत. नंतर नजर गेली तर परत येणार नाही."

म्हणजे आरोपी नंतर सापडला असता तरी चाललं असतं. विष आठ दिवसांत सापडायला हवं होतं. रक्ताचे नमुने सील करून औरंगाबादच्या प्रयोगशाळेकडे पाठवले, पण तिथला अहवाल किती आठवड्यांनी येतो हे मला चांगलं ठाऊक होतं.

मुलीचे वडील मुरुडजवळच्या गावात छोटं किराणा दुकान चालवायचे. कपाळावर विभूती, अंगावर पांढरा सदरा, बोलणं मोजकं. मूळचे औशाकडचे. भूकंपात घर पडलं, त्यात धाकटा मुलगा गेला. ही मुलगी तुळईखालच्या पोकळीत सापडली. तेव्हापासून नवरा-बायकोने तिच्याकडे बघूनच दिवस काढले होते. हे सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि मग म्हणाले, "साहेब, डब्यातनंच घातलंय. दुसरं कुठलं काय खातच न्हाई ती. घरचा डबा आन् नळाचं पानी."

तपासाला तोंड मिळालं ते असं. डबा घरी आईच्या हातून भरला जातो, वडील स्वतः तो एसटीत ठेवतात, लातुरात चाचा उतरवतो आणि खोलीवर देतो. खोलीत दुसरी एक मुलगी होती. ती भाकरी, चटणी वाटून खायची, ठणठणीत होती. तुपाचं वरण मात्र ही एकटीच खायची. जबाबात आजारी मुलीने सांगितलं होतं की दिवाळीनंतर वरणाला जरा वेगळाच, गोडसर वास यायचा. आईने केलेलं म्हणून ती खात राहिली.

त्याच दुपारी बसस्थानकावरच्या आमच्या खबऱ्याने खबर आणली. चाचाला त्याने त्या गावच्या डब्याचं झाकण उघडताना पाहिलं होतं. शिवाय पंधरा दिवसांपूर्वी डबा सांडला म्हणून मुलीच्या वडिलांनी चाचाला चारचौघांत फार बोल लावले होते, आणि चाचा म्हणाला होता, "उद्यापासनं तुमचं तुम्हीच न्या, मंग कळंल."

मंग कळंल. मला आणखी काय हवं होतं? विष देऊन दुखापत केल्याचा गुन्हा नोंदवला आणि संध्याकाळच्या आत चाचाला अटक केली. अटकेच्या पंचनाम्यावर सही माझी आहे. हे लिहिताना आजही शरम वाटते.

चौकशीत मी आवाज चढवला, टेबल आपटलं. तो शांत. साठीचा माणूस, खांद्याला सायकलीच्या हँडलसारखा बाक आलेला.

"झाकन उघडलं का नाही?"

"उघडलं ना साब. वरन गळत होतं. खोलके, पुसके, घट्ट बसवलं. उसके बाप ने गाली दी थी ना, तबसे रोज देखता."

"आणि 'मंग कळंल' म्हणालास ते?"

"बोला. साठ डब्बे सायकल पे लेके फिरो बोला, मंग कळंल. गुस्से में बोला." मग जरा थांबून त्याने विचारलं, "साब, पोरीला दिसतंय का?"

मला वाटलं, काय बेरकी माणूस आहे. आता वाटतं, त्या खोलीत मुलीची चौकशी करणारा तोच एकटा होता. मी तर आरोपीची चौकशी करत होतो.

न्यायालयाने तीन दिवसांची पोलीस कोठडी दिली. बाहेर वातावरण तापलं. ठाण्याच्या फाटकाशी माणसं जमू लागली. कुणी पालक, कुणी उगाच आलेले. "त्याला आमच्या ताब्यात द्या," अशी आरोळी आली तेव्हा मी बाहेर जाऊन अशा काही भाषेत बोललो की ती इथे लिहिता येणार नाही. माणसं पांगली. पण बसस्थानकावर चाचाची सायकल कुणीतरी मोडून टाकली. मुरुडकडचे डबे दुपारपर्यंत तसेच पडून राहिले आणि साठ पोरं उपाशी वर्गात बसली.

दुसऱ्या दिवशी मुलीच्या आईचा जबाब घेतला. ती लातूरला आली नव्हती. मुलगी रुग्णालयाचं जेवण तोंडात घेत नव्हती, म्हणून आई गावी राहून स्वयंपाक करायची आणि वडील तो डबा मोटरसायकलने घेऊन यायचे. मी गावी गेलो. ओसरीवर बसून जबाब घेतला.

"डब्यात काही औषध घालत होता का?"

"न्हाई साहेब."

"गोळी? जडीबुटी? कुणी दिलेला अंगारा?"

"न्हाई हो. अंगाऱ्या-धुपाऱ्याचं आमच्यात काय न्हाई. माझ्या लेकराच्या डब्यात मी काय घालीन? एक त्या मातीत ठेवून आले मी." ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही जबाब आवरता घेतला. बाई खोटं बोलत नव्हती. इतक्या वर्षांत तेवढं मला कळायला लागलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी रुग्णालयात गेलो. डॉक्टर मॅडमचा चेहरा पाहूनच समजलं.

"काही फरक नाही," त्या म्हणाल्या. "उलट उजव्या डोळ्याची कडेची नजर कमी झालीये. साहेब, तुम्ही माणूस धरलात, पण विष कुठे आहे?"

 जिपेत बसलो आणि एकदम एक गोष्ट लक्षात आली. चाचा कोठडीत आहे. डबा बापाच्या हाताने येतोय. वाटेत कुणाचा हात लागत नाही. तरी पोरीची तब्येत खालावतेच आहे. असं विष महिनाभर अंगात राहूही शकतं, हे मी तेव्हा जाणत नव्हतो. पण माझ्या अडाणी हिशेबाने का होईना, चाचा त्यातून बाहेर पडत होता. राहिलं ते घर.

ठाण्यात आलो आणि चिडचिड सुरू केली. आई खरं बोलतेय, बाप खरं बोलतोय, चाचा खरं बोलतोय, मग पोरगी काय वाऱ्याने आजारी पडली? कोपऱ्यात आमची उदगीरची महिला शिपाई नोंदवही लिहीत होती. घरी सासू-सासरे, दोन मुलं, सगळ्यांचं करून ड्यूटीवर येणारी. ती मान वर न करता म्हणाली, "साहेब, राग नाही ना येणार? मला आत्ता कुणी विचारलं की सकाळी भाजीत काय काय घातलं, तर मी चार गोष्टी सांगीन आणि चार विसरीन. हात आपोआप घालतात. तिला विचारू नका. तिला डबा भरायला लावा, आणि बघा."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. घरफोडीच्या आरोपीला मी कितीदा म्हणालो असेन, तोंडाने सांगू नको, कसा शिरलास ते चालून दाखव. आणि इथे मला ते सुचलं नव्हतं! "ठीक," मी म्हणालो, "उद्या पहाटेच जीप काढायला सांग."

चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही गावात होतो. दोन पंच, मी आणि महिला शिपाई. तिनेच सुरुवात केली. "अक्का, आम्ही इथंच बसतो. तुम्ही रोजच्यावाणी डबा भरा. काय बोलू नका, काय सांगू नका."

आईने ज्वारीच्या भाकरी केल्या, फडक्यात गुंडाळल्या आणि खालच्या कप्प्यात ठेवल्या. त्यावर वांग्याची भाजी. मग शेंगदाण्याची चटणी. वरचा कप्पा वरणाचा. वरण ओतलं, डबीतून तूप काढून त्यावर घातलं. मग ती उठली, फडताळातून तपकिरी काचेची एक बाटली काढली, बरोबरचा छोटा प्लास्टिकचा चमचा पुसला, पिवळसर तेलासारखं काहीतरी काठोकाठ भरून घेतलं आणि वरणात ओतलं. चमच्याने हलवलं. झाकण लावलं. माझ्यासमोर, दोन पंचांसमोर, अगदी सहज.

मी उठून बाटलीजवळ गेलो. "हे काय घातलं?"

"ह्ये?" तिने बाटलीकडे पाहिलं. "सत्त्व हाय की."

"कसलं सत्त्व?"

"डोळ्याचं. जीवनसत्त्व. माझ्या जाऊनं आणून दिलंय, ती अंगणवाडीत हाय ना. लेकरांना पाजत्यात बगा, डोळे जाऊ नये म्हनून."

"अहो, मग मी परवा विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

ती गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "तुमी औषध विचारलंत साहेब. ह्ये औषध कुठं हाय? सत्त्व हाय. नाचणीचं सत्त्व न्हाई का देत आपन बाळाला रोज? तसं. ताकतीचं."

त्या क्षणी मला रडावं की हसावं कळेना. बाई शब्दाला पक्की होती. मी औषध विचारलं, गोळी विचारली, जडीबुटी विचारली, अंगारा विचारला. सत्त्व विचारलं नव्हतं. कारण सत्त्वाने कुणाचं वाईट होतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

महिला शिपाईने हळूहळू सगळं काढून घेतलं. दिवाळीत मुलगी घरी आली तेव्हा तिला चष्मा लागला होता. आईच्या मनाने घेतलं की अभ्यासाने पोरीचे डोळे जाणार, आणि डोळे गेले तर ती डॉक्टर कशी व्हायची? जाऊला विचारलं. तिने उरलेली बाटली दिली, "डोळ्याचं हाय, चांगलं असतंय," म्हणाली. लहान लेकरांना सहा महिन्यांतून एकदाच देतात हेही ती म्हणाली होती. पण आईने आपला विचार केला. तेवढीशी लेकरं, त्यांना सहा महिन्यांनी एक चमचा. आपली तर घोडी झाली, दिवसभर पुस्तकात डोळे घालून बसते, तिला रोज अर्धा तरी नको का? आणि पोरीला सांगितलं तर ती नाक मुरडणार, म्हणून गुपचूप वरणात. डोकं दुखायला लागलं असं पोरगी म्हणाली, तेव्हापासून आईने अर्ध्याचा पूर्ण चमचा केला होता. पहिली बाटली संपून ही दुसरी सुरू होती.

पंचनामा केला, बाटली आणि भरलेला डबा सील केला. दुसऱ्या बाटलीचा रिकामा खोका मिळाला तो खिशात घालून मी थेट रुग्णालयाकडे सुटलो. चालकाने त्या दिवशी मुरुड ते लातूर गाडी जशी हाणली तशी पुन्हा कधी हाणली नसेल.

डॉक्टर मॅडम वॉर्डात राउंडवर होत्या. त्यांनी खोका हातात घेतला, बारीक अक्षरं वाचली आणि भिंतीला टेकल्या.

"जीवनसत्त्व अ," त्या म्हणाल्या. "अहो, मी आर्सेनिक शोधत होते! रोज किती?"

"आधी अर्धा चमचा, आता एक."

"या एका चमच्यात दोन लाख युनिट असतात साहेब. मोठ्या माणसाने दिवसाला दहा हजारांच्या वर जाऊ नये, आणि रोजची खरी गरज त्याच्याही कितीतरी खाली. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला हा चमचा सहा महिन्यांतून एकदा देतात, कारण तो साठा त्याला तेवढे दिवस पुरतो. ही रोज खात होती!"

"पण जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीतून जातं म्हणतात ना?" मी माझं ज्ञान पाजळलं.

"ब आणि क जातात बरीचशी. अ नाही जात. ते चरबीत विरघळतं आणि यकृतात साठत राहतं. साठा भरला की मग असं. डोकं, डोळे, कातडी, केस, यकृत, हाडं सुद्धा. गरोदर बाईने तर विचारल्याशिवाय हात लावू नये, पोटातल्या बाळाला इजा होते."

"म्हणजे गाजरंही खायची नाहीत?"

त्या पहिल्यांदा हसल्या. "खा हो, पोटभर खा. गाजर, पालक, आंबा यांतून शरीर हवं तेवढंच बनवून घेतं. फार तर तळहात पिवळे होतील. बाटलीतलं आणि गोळीतलं तयार असतं, त्याला अडवणारं कुणी नसतं."

मी तो प्रश्न विचारायला घाबरत होतो, पण विचारला. "आता उपचार काय?"

"बंद करायचं."

"एवढंच?"

"एवढंच. दाबाची औषधं चालू ठेवीन, पाठीच्या मणक्यातून सुईने एक-दोनदा पाणी काढावं लागेल. पण खरा उपचार म्हणजे ती बाटली बंद. वेळेत सापडली, साहेब. मला वाटतं डोळे वाचतील."

व्हरांड्यात मी एका बाकावर बसलो आणि पाच मिनिटं उठलोच नाही. वडील समोर उभे होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी आधी हात जोडले, मग एकदम ते हात डोक्यावर मारून घेतले. "आन् मी त्या म्हाताऱ्याला..." 

चाचाला त्याच दुपारी न्यायालयापुढे नेऊन सोडण्याचा अहवाल दिला. पुढे गुन्ह्यात 'क' समरी पाठवली, म्हणजे तक्रार खोटी नव्हती, पण गैरसमजातून झाली होती, गुन्हा घडलाच नव्हता. अंगणवाडीच्या जाऊबाईंना ठाण्यात बोलावून घेतलं. त्यांना मी असं झापलं की त्यांनी पुन्हा कधी सरकारी बाटली घरी नेली नसेल, आणि त्यांच्या वरिष्ठांना रीतसर कळवलं. बाकी काही केलं नाही. आईवर गुन्हा दाखल करावा असं एका वकिलाने मला सुचवलं. त्याला मी चहा न देता वाटेला लावलं.

चाचाला सोडताना मी उठून उभा राहिलो. "चुकलं माझं," म्हणालो. पोलीस अधिकाऱ्याच्या तोंडून हे शब्द सहज निघत नाहीत. त्याने फक्त विचारलं, "पोरीला दिसंल ना आता?" दिसेल म्हणालो. "अल्ला का शुक्र," म्हणून तो निघाला. दारात मात्र थबकला. "साब, कागद पे तुम छोड दिये. बसअड्ड्यावर कौन छोडेगा?"

त्याचं म्हणणं खरं ठरलं. मोडलेली सायकल आमच्या शिपायांनी दुरुस्त करून दिली, पण डबे कुणी देईना. कंडक्टर दुसऱ्याला बोलवायचे. 'काहीतरी असल्याशिवाय का पोलिसांनी धरलं?' असं लोक बोलत होते. मी दोनदा स्थानकावर जाऊन सांगितलं, वर्तमानपत्रात चार ओळी छापून आणल्या. पोलिसाने धरलेलं लोक ऐकतात, सोडलेलं ऐकत नाहीत.

इकडे मुलगी सुधारत होती. तिसऱ्या आठवड्यात एकाचं एक दिसायला लागलं. त्या वर्षाची परीक्षा हुकली, पण डोळे वाचले. आईला खरं सांगायचं काम वडिलांनी माझ्यावर टाकलं होतं. ती मुलीला भेटायला रुग्णालयात आली तेव्हा मी सांगितलं, "अक्का, सत्त्व जास्त झालं." तिने आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हंजी माज्याच हातानं. मला बेडी घाला साहेब." पलंगावरून मुलीने आईचा हात ओढून आपल्या गालाशी धरला आणि म्हणाली, "आता रडू नको, आई. भूक लागलीय मला." मी बाहेर आलो. तिथे आमची महिला शिपाई भिंतीकडे तोंड करून नाक पुसत होती.

मुलीने पुढच्या वर्षी परीक्षा द्यायची ठरवली आणि जूनमध्ये ती पुन्हा लातूरला राहायला आली. पहिल्या दिवशी डबा घेऊन तिची आई स्वतः एसटीने आली. योगायोगाने मी बंदोबस्तासाठी स्थानकावरच होतो. गर्दीची वेळ होती. फलाटाच्या टोकाला चाचा सायकल धरून उभा होता. चार-सहा डब्यांपलीकडे त्याच्याकडे काही नव्हतं. बाई सरळ त्याच्यासमोर गेली आणि डोक्यावरचा पदर सावरून चांगल्या मोठ्या आवाजात बोलली. खेड्यातली बाई, अनोळखी पुरुषांपुढे कधी तोंड न उघडणारी.

"चाचा, म्या घातलं होतं. माज्या लेकराच्या वरणात म्याच घातलं होतं. तुमचा हात बी लागला न्हवता. तुमी कोंडून राहिलात आन् मी घरी बसले. सगळ्यांनी ऐका, म्या घातलं होतं."

कंडक्टर थांबले, हमाल थांबले, पोरं थांबली.  चाचाने मान खाली घातली होती. मग तिने डबा पुढे केला. "घेता का? तुमी न्हाई घेतला तर मी रोज येईन, पण दुसऱ्याच्या हाती द्यायची न्हाई."

चाचाने डबा घेतला, हँडलला अडकवला आणि म्हणाला, "घरी जावा बाई. पोरगी भुकेली असंल." दुसऱ्या गाडीच्या कंडक्टरने पायाशी ठेवलेले सात डबे उचलून त्याच्या पुढ्यात आणून ठेवले.

त्या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर दोन गोष्टी सांगतो. औषधांच्या दुकानात ताकतीची बाटली मागणारा दिसला की मी आगाऊपणे विचारतो, किती घेता, कुणी सांगितलं? बायको चारचौघांत माझा शर्ट ओढते, पण मी विचारतोच. आणि दुसरी गोष्ट. त्या तपासात मला भेटलेला एकही माणूस माझ्याशी खोटं बोलला नव्हता. आई नाही, चाचा नाही, खबऱ्यासुद्धा नाही. तरी मी निरपराध माणसाला कोंडलं आणि चार दिवस एका मुलीची नजर अधू होत राहू दिली, कारण प्रश्न माझ्या शब्दांतले होते. चूक मी लेखी दुरुस्त केली. चाचाचं नाव मात्र त्या बाईने फलाटावर उभं राहून परत मिळवून दिलं. तेव्हा मी टोपी काढून हातात घेतली आणि ती गाडीत चढेपर्यंत तिथेच उभा राहिलो.